सुतकातली फोडणी

आमच्या गल्लीत फोडणी ही खाजगी गोष्ट नाही. घरं समोरासमोर, मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या वाटेवर उघडणाऱ्या. कुणाची मोहरी करपली, कुणी लसूण जरा जास्तच घातला, कुणाकडे पाहुणे आलेत, हे आम्हाला विचारावं लागत नाही. आणि एखाद्या घरातून दोन वेळा फोडणीचा आवाज आला नाही तर समोरची बाई पदर सावरत येते आणि दारातूनच विचारते, "काहून वं, सगळं बराबर हाय ना?" कारण आमच्याकडे फोडणी बंद होते ती घरात माणूस गेलं म्हणजेच.

सुतकात वरण होतं, पण नुसतं शिजवलेलं. मीठ पडलं तर पडलं. हळद नाही, तेल नाही, तूप नाही. भाऊकीत माणूस गेलं की त्या एकाच घरात नाही, भाऊकीतल्या सगळ्या घरांत कढया पालथ्या पडतात, त्या दहाव्यापर्यंत. माझं माहेर धनजकडचं. तिथेही हेच होतं, म्हणून लग्न होऊन रिठदला आले तेव्हा ही एक रीत तरी ओळखीची निघाली. कुठे लिहिलेली नाही, कुणी बसवून शिकवलेली नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. मी मोडली. कशी मोडली ते सांगते, आणि आधीच सांगून ठेवते की त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

सुरुवात माझ्या सासूपासून करायला हवी. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सत्तरी ओलांडलेली, हडकुळी, पण आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरातलं मांजर उठून बसायचं. त्यांना वरण लागायचं ते करडईच्या तेलाच्या फोडणीचं, वर लाल तर्री तरंगणारं. तर्री दिसली नाही की ताट पुढे सरकवून म्हणायच्या, "हे ढोराले टाक." आमच्या संसाराच्या पहिल्या वर्षी मी किती वरणं ढोरांना टाकली याचा हिशेब ढोरांनाच ठाऊक. पण एक सांगते, त्यांच्या तोंडाची मला भीती कधी वाटली नाही. मीही काही गोगलगाय नव्हते. आम्ही दोघी सकाळी भांडायचो आणि दुपारी एकाच सुपात डाळ निवडायचो.

मागच्या दिवाळीत, सोयाबीन बाजारात जाऊन घर जरा मोकळं झालं होतं तेव्हा, त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. वाशीमच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं. कावीळ आहे, लिव्हर दमलंय, म्हणाले. गोळ्या दिल्या, तेल-तूप, दूध, दही सगळं बंद केलं आणि घरी पाठवलं. घरी आल्या खऱ्या, पण भूक दवाखान्यातच राहिली. अन्न पाहिलं की तोंड फिरवायच्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात जेवणाची वेळ टळू दिली नाही, ती दोन घास पेज घेऊन मान हलवायची. नवरा अबोल माणूस. तो नुसता ओसरीवर येऊन जाऊन बघायचा.

आत्याबाईंनीच हट्ट धरला की रिसोडच्या वैद्याकडे न्या. वैद्य म्हणजे कुणी दाढीवाले महाराज असतील अशी माझी समजूत होती. निघाली ती माझ्या मुलीच्या वयाची, जीन्सवर कुर्ता घातलेली पोरगी. तिने नाडी पाहिली, जीभ पाहिली, दवाखान्याच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणून दोनदा बजावलं, आणि म्हणाली, "मुगाचं कढण द्या. तूप नको, तेल नको, काहीच नको."

मी म्हटलं, "वैद्यं तं तुपावरच चालतात म्हंते लोक."

ती हसली. "चालतात. पण ज्या विस्तवावर काटकीही पेटत नाही, त्याच्यावर ओंडका कशाला टाकायचा? आत्ता यांना पचेल तेवढंच. याला अकृत यूष म्हणतात, यूष म्हणजे कढण. फोडणी नसलेलं. डोळे निवळले, भूक जागी झाली, की यालाच तेलाची छोटी फोडणी द्यायची. मग ते कृत होतं."

आत्याबाईंनी त्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "म्हंजे फोडणी भेटन. कधी भेटन?"

"तुमची भूक सांगेल, आजी."

त्या दिवसापासून घरात फोडणी हे औषधाच्या बाटलीवरचं शेवटचं माप झालं. तिथवर पोचायचं होतं.

कढण सोपं आहे. सोपं म्हणून कुणी नीट करत नाही, ते वेगळं. घरचे मूग भरडून डाळ केलेली होती, सालं पाखडून काढलेली. मूठभर डाळ लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायची, रंग पालटायच्या आधी उतरवायची. वास आला की पुरे. मग तांब्याभर पाण्यात, पातेल्यात, झाकण अर्धवट ठेवून शिजवायची. कुकर नाही. कुकरमध्ये डाळ शिजते पण कढण होत नाही, पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे राहते. वर येणारा फेस काढत राहायचा. डाळ बोटाने दाबली तर विरघळली पाहिजे, मग रवीने घुसळायची. सुंठेची चिमूट, धण्याची पूड, सैंधव, आंबटपणाला वाळलेल्या आवळ्याचा तुकडा. तो नंतर काढून टाकायचा. हळद मी मुद्दाम घातली नाही. काविळीत पिवळं देऊ नये असं आमच्याकडे मानतात, आणि त्या बाबतीत आत्याबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिली वाटी मी त्यांच्या खाटेपाशी नेली. त्यांनी आत डोकावून पाहिलं. पांढुरकं, पातळ, वर थेंबभर तेल नाही. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. वैद्यबाईनं सांगतलं ते हाय."

"हे सुतकाचं वरन हाय. मी जित्ती असतानी माया घरात शिजवून राह्यली तू? आदीच रंगीत तालीम चालली काय वं?"

आणि वाटी ठेवून दिली. मी रागाने उचलली आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या सगळी प्याले. बरं लागलं. खरंच बरं लागलं. "पाहा," म्हटलं, "मी मेली काय?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

समोरच्या घरात माझी चुलत जाऊ राहते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. भाऊकीच्या सगळ्या रीती तिच्या पदराच्या गाठीला. तिला दुसऱ्याच दिवशी पत्ता लागला, कारण आमच्याकडून फोडणीचा आवाज येत नव्हता. ती तुपाची बरणी घेऊन आली, घरच्या म्हशीचं, कणीदार. वाटीत पाहून तिचाही चेहरा उतरला.

"बिमार मानसाच्या घरात असं वरन शिजवू नाई," ती म्हणाली. "अवदसा चुलीचा वास घेत येते. हे घे, चमचाभर तूप टाक. अंगात तूप गेल्याबिगर मानूस उठत नाई."

"वैद्यबाई नाई म्हंते, बाई."

"ती कालची पोरगी."

"कालची असो का परवाची. चूल मायी हाय."

बरणी परत गेली. तिचा हेतू वाईट नव्हता हे मला कळत होतं. पण चांगल्या हेतूने दिलेलं तूपही लिव्हरला तूपच असतं.

आता प्रश्न आत्याबाईंचा होता. त्या वाटीला हात लावत नव्हत्या आणि मला दुसरं काही देता येत नव्हतं. दोन दिवस मी डोकं खाजवलं. मग एक दिवस दुपारी चिडून, खरंच नुसती चिडून, मी लोखंडी पळी गॅसवर ठेवली. लाल होईपर्यंत तापवली, तिच्यात कोरडे जिरे टाकले, ते तडतडले तशी पळी तशीच कढणात बुडवली. चर्र! असा आवाज झाला की मीच दचकले. तेलाचा थेंब नाही, पण जिऱ्याचा वास घरभर.

खाटेवरून आवाज आला. "फोडणी देल्ली का?"

मी वाटी नेली. त्यांनी वास घेतला, चमच्याने ढवळून तळ पाहिला. मग एक घोट घेतला. त्या म्हाताऱ्या बाईला फसवणं माझ्या बापालाही जमलं नसतं. "तेल नाई याच्यात," म्हणाल्या. "आवाज लबाड हाय." पण वाटी खाली ठेवली नाही. संपवली, आणि म्हणाल्या, "उद्या बी आवाज येऊ दे."

तेव्हापासून दिवसातून दोनदा माझ्या स्वयंपाकघरातून ती लबाड चर्र गल्लीत जायची. समोरची जाऊ एकदा हसून म्हणाली, "तापल्या पळीनं सासूले गंडवतं तू." मी म्हटलं, गंडवत नाही, समजूत घालते. आत्याबाई वाटीभरावरून दीड वाटीवर आल्या. मग सोबत मऊ भात. डोळे निवळायला लागले. थंडी पडली तशी सकाळच्या उन्हात ओसरीवर येऊन बसायला लागल्या, आणि एक दिवस तिथूनच त्यांनी मांजराला शिवी दिली. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन थोडी रडले.

पण संक्रांत जवळ आली तसं पुन्हा अन्न कमी व्हायला लागलं. डोळे स्वच्छ, रिपोर्ट चांगला, पण त्यांना त्या चवीचा कंटाळा आला होता. अर्धी वाटी, मग पाव. अंगावर मांस उरलं नव्हतं. आम्ही परत रिसोडला गेलो. वैद्यबाईने तपासलं आणि या वेळी ती हसली नाही. "आता फोडणी द्या," म्हणाली. "आजपासून. थोडंच तेल, पण द्या. यकृत सुधारलंय, आता अन्नावरची वासना परत आली पाहिजे. ती गेली तर माझ्याकडे दुसरं औषध नाही."

मी तिथल्याच घाण्यावरून करडईचं तेल घेतलं. बसमध्ये आत्याबाईंनी बाटली मांडीवर धरली होती, कुणी हिसकावून नेईल अशी.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर माणसं खाली मान घालून बसलेली. समोरच्या घरातले थोरले सासरे, म्हणजे जाऊबाईचे सासरे, आत्याबाईंचे चुलत दीर, दुपारी झोपेतच गेले होते. पिकलं पान होतं. आत्याबाईंशी त्यांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वर्षानुवर्षं भांडण आणि तरीही रोज संध्याकाळी ओट्यावर एकत्र बसणं. आत्याबाई उतरल्या, त्यांच्या पायाशी बसून आल्या, आणि घरी येऊन खाटेवर पडल्या. तेलाची बाटली फळीवर गेली. भाऊकी एकच, सुतक आम्हालाही.

दुसऱ्या दिवशी मी कढण केलं. पळीसुद्धा तापवली नाही, म्हटलं समोर प्रेत उठून एक रात्र झाली आहे. आत्याबाईंनी वाटीत पाहिलं. "आता तं खरंच सुतकाचं हाय हे," एवढंच म्हणाल्या. भांडल्या नाहीत. मला त्या न भांडण्याचीच भीती वाटली. संध्याकाळी दोन चमचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही. ओठ मिटून घेतले.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी फोडणी देतो आज."

तो म्हणाला, "दहाव्यापर्यंत थांब. समोर मानसं बसली हायत. काय म्हनतीन?"

"काय म्हनाचं ते म्हनू द्या. दहाव्यापर्यंत माय थांबन काय तुमची?"

तो उठला आणि फळीवरची बाटली काढून ओट्यावर ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं यापेक्षा लांब भाषण मी ऐकलेलं नाही.

मी कढई सरळ केली. खिडकी लावून घ्यावी म्हणून हात गेला, आणि मी तो मागे घेतला. चोरी करायची नव्हती. गॅस बारीक केला, तेल टाकलं, पळीभरसुद्धा नाही. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, नखभर हिंग. लसूण तांबूस होईपर्यंत धरला. यावेळी हळदही टाकली. आणि कढणावर ओतलं.

चर्र.

गल्लीत बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं. करडईचा आणि लसणाचा वास खिडकीतून बाहेर चालला होता आणि मी उभी राहून त्याला जाऊ देत होते. कुणी केला हा नियम, की मेलेल्याच्या मानासाठी जिवंताने उपाशी राहायचं? ज्याने केला त्याने खाटेवरच्या माणसाची पाव वाटी पाहिली होती का?

वाटी घेऊन मी आत्याबाईंपाशी गेले. त्या आधीच उठून बसल्या होत्या.

तेवढ्यात जाऊबाई दारात. केस मोकळे, डोळे सुजलेले, सकाळपासून पोटात काही गेलं नसावं. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "तापल्या पळीचाच आवाज हाय ना तो?"

तिने मला वाट काढून दिली होती. मला ते लगेच कळलं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर ती वळून गेली असती आणि ओट्यावर बसलेल्यांना तेच सांगितलं असतं. वास सगळ्यांना आला होता, पण हो म्हटल्यावर वासही गप्प बसला असता.

"नाई, बाई," मी म्हटलं. "तेलाची फोडणी हाय. लसनाची. मीच देल्ली."

"मायाच सासऱ्याच्या सुतकात?"

मी काही बोलायच्या आत खाटेवरून जुना आवाज आला, तो मांजराला उठवणारा. "काय वं, सुतक मी बी धरून राह्यली. डोई नाई धुतली, गोड नाई खाल्लं. तो माया दीर व्हता, तुयापेक्षा ज्यास्त वरसं मी त्याच्यासंगं भांडली. पन भूक कायले धरू सुतकात? मी त्याच्यामांगं जावं म्हून असते काय सुतक?" आणि वाटी तोंडाला लावली. पहिला घोट घेऊन डोळे मिटले, आणि हनुवटीवर आलेला पिवळा ओघळ तसाच राहू दिला.

जाऊबाई पाहत राहिली. मग वळून गेली.

त्यानंतर जे झालं ते होणारच होतं. दहाव्याला बायांच्या ओळीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. भाऊकीच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी संस्कार या विषयावर लांबलचक निरोप टाकला. नाव कुणाचं नव्हतं, पण बोट कुणाकडे आहे ते लहान पोरांनाही कळलं. माझ्या नवऱ्याने त्याखाली आईचा एक फोटो टाकला. ओसरीवर उन्हात बसलेली, हातात वाटी, ओठांना तर्री. शब्द एक लिहिला नाही. ग्रुप दोन दिवस गप्प होता. जाऊबाई मात्र त्याहून पुष्कळ जास्त दिवस गप्प राहिली. गल्लीत समोर आली तरी पाहायची नाही. तेवढं एक मला लागलं. बाकीच्यांना मी विचारत नाही.

आत्याबाई उठल्या. गोळ्यांनी उठल्या की कढणाने की भांडायला माणूस मिळालं म्हणून, ज्याने त्याने ठरवावं. आजही तर्री अंगठ्याएवढीच मिळते, तूप नाहीच, आणि त्यावरून रोज कटकट असते.

मग उन्हाळा लागला आणि उडदाचे पापड आले. पापड एकट्या घराने होत नाहीत. आमच्याकडे पापड लाटायला जाऊबाईशिवाय दुसरा हात नाही, आणि तिच्याकडे लाट्या करायला माझ्याशिवाय. एका सकाळी ती पोळपाट-लाटणं घेऊन आली, माझ्याकडे न पाहता बसली आणि कामाला लागली. मी लाट्या तिच्यापुढे सरकवल्या. आत्याबाई खाटेवरून देखरेख करत होत्या, हा जाड, तो फाटला. मधेच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आयक. मी मेली का पयल्याच दिवशी फोडणी दे. करडईच्या तेलाची. आवाज पार मारुतीच्या पारापोतर गेला पायजे. माया सुतकात कोनी फिक्कं खाल्लं तं मी परत यीन."

मी जाऊबाईकडे पाहिलं. तिचं लाटणं थांबलं होतं. तिने लाटी उलटी केली, पीठ लावलं, पुन्हा लाटायला घेतली.

"लसून मी सोलून देईन," ती म्हणाली.